देवीची उजवी बाजू

ऑपरेशननंतर गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा ह्यांनी तो सोमवारी डॉक्टरांसमोरच उघडायचा म्हणून कपाटात ठेवला. हे भाजी आणायला खाली उतरले आणि मी तो उघडला. माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढली होती. रोग कुठवर गेलाय ते या कागदांत असणार, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच पानावर ‘ग्रेड तीन’ दिसलं. म्हणजे तिसरी स्टेज, सगळं संपलं, असं मी धरून चालले आणि पान उलटलंच नाही. जन्मभर दिल्लीच्या सरकारी कचेरीत फायली शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी बाई मी, पण स्वतःची फाईल पहिल्या पानावर मिटून मोकळी झाले.

त्या घटकेला मला आमचं तळकोकणातलं देऊळ आठवलं. कुणाचं लग्न अडलं, कुणाचं दुखणं हटेना, की वडील कौल लावायला जायचे आणि मी त्यांचं बोट धरून मागे. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. गाभाऱ्यात तेलाचा आणि ओल्या दगडाचा वास असायचा. पाकळी निसटली की आतून आवाज यायचा, “उजवा दिला.” म्हणजे देवाचा होकार. मग वडील नमस्कार करून उठायचे. परतताना वाटेवर ते मला करवंदं काढून द्यायचे, गुणगुणायचे. घरून निघालेला चिंतेतला माणूस हाच का, असं वाटायचं. ते मोकळेपण मला आता हवं होतं, आणि हात धरून नेणारे वडील नव्हते.

मग मीच कौल लावला. नोएडातल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापुढे. आईने लग्नात दिलेली देवीची काळ्या दगडाची लहानशी मूर्ती आहे, तिच्या दोन्ही खांद्यांना शेवंतीची एकेक पाकळी लावली. रिपोर्ट पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, आई, उजवी दिलीस तर सोमवारी जाईन. डावी दिलीस तर आता सुया नकोत, उपचार नकोत, मला सुखाने जाऊ दे. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडची पाकळी घरंगळली. मी रडलेही नाही. ह्यांना कसं सांगायचं, याचाच विचार करत बसले.

संक्रांत नुकतीच झाली होती. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हा या दिवसांत आम्ही बायका धुक्यातून, साडीवर स्वेटर चढवून, घरोघरी हळदीकुंकवाला जायचो. तिळगूळ खाऊन तोंड गोड आणि बोटं गारठलेली असायची. यंदा मी कुणाला बोलावलं नव्हतं, कुठे जाणारही नव्हते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या सुलभाताई करंडा घेऊन स्वतःच आल्या. “तुम्ही येत नाही, तर हळदीकुंकू तुमच्याकडे येणार, चलो,” म्हणाल्या. त्यांच्याबरोबर एक वयस्क बाई होत्या. “या आमच्या वन्सं, मालवणहून आल्यात. पॅथॉलॉजिस्ट होत्या, आता रिटायर्ड.”

त्या देवीला कुंकू लावायला वाकल्या आणि त्यांना तिथे ठेवलेला रिपोर्ट दिसला. “हा इथे कसा?” त्यांनी विचारलं, आणि मला जे रडू आदल्या दिवशी आलं नव्हतं ते आलं. पाकळीसकट सगळं सांगून टाकलं.

चष्मा लावून त्यांनी सगळी पानं वाचली. “अहो, ग्रेड वेगळी, स्टेज वेगळी,” त्या म्हणाल्या. “पेशी किती बदलल्यात, किती जोमाने वाढताहेत, ते ग्रेडवरून कळतं. त्या जोमदार आहेत, खोटं कशाला सांगू. पण किती पसरलं, ते स्टेज सांगते. हे बघा, काखेतल्या काढलेल्या गाठींत कॅन्सर सापडलेला नाही. कापलेल्या भागाच्या कडाही स्वच्छ आहेत. हॉर्मोनच्या गोळ्या लागू पडतील अशा जातीचा दिसतो. किमो लागेल की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. सोमवारी जायचं, बिल्कुल चुकवायचं नाही.”

मग देव्हाऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “पाकळी कुठली पडली म्हणालात?”

मी माझ्या डाव्या हाताने दाखवली.

“तुम्ही समोर बसला होतात ना? मग ती देवीची उजवी. कौलात उजवं-डावं देवाचं धरतात, आपलं नाही. आम्हीसुद्धा रिपोर्टात पेशंटचं धरतो, बघणाऱ्याचं नाही.”

सुलभाताई हसू लागल्या आणि मग मलाही हसू फुटलं. इतकी वर्षं वडिलांच्या मागे उभी राहून मी तो आवाज ऐकला, पण उजवं कुणाचं, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

सोमवारी गेले. किमो झाली, केस गेले, आले. फार सोसावं लागलं. तपासण्या अजून चालू आहेत. ती पाकळी देवीने सोडली की ओल सुकून आपोआप पडली, या वादात मी पडत नाही. त्या बाई नेमक्या त्याच दुपारी माझ्या दारात आल्या, याबद्दल मात्र रोज हात जोडते. कौल मी पुन्हा लावला नाही. आता काही मागायचं झालं तर सांगते आणि उठते, वडील उठायचे तशी.

सकाळी कुंकू लावायला देवीसमोर बसते, तेव्हा माझी व्रणाची बाजू बरोबर तिच्या उजव्या हातासमोर येते.