कळ्या खुडणारे सर

आमच्या शेजारच्या सरांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते: रद्दी देणारी आणि रद्दी विकणारी. पहिल्या प्रकारात बहुधा मी एकटाच असेन. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर हुबळीच्या नवनगरात आमच्या भिंतीला लागून राहत. रानातून आणलेली फांदी वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची आणि पावसाळ्यात कागद रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते, हे शास्त्र मला माझ्या पेपराची किंमत देऊन कळलं. मी घडी मोडायच्या आत कुंपणावरून हात येई. "बातम्या शिळ्या चालतील की हो, कागद कोरडा पाहिजे," असं म्हणत ते ताजाच पेपर नेत. घरात गादीखाली फांद्या, पाट्याखाली फांद्या. एकदा मी खुर्चीवरची चवड उचलून बसायला गेलो, तर म्हणाले, "वरच बसा. वजन पाहिजेच होतं." चहा होईपर्यंत मी कुठल्याशा वेलीवर बसून होतो.

हुबळी-धारवाड बसमध्ये रस्त्याकडेचं झुडूप दिसलं की ते ओरडून बस थांबवत. पुढेपुढे कंडक्टरच हाक मारी, "सर, निम्म गिडा बंत नोड्री, इळीरी!" तुमचं झाड आलं, उतरा. देशपांडे नगरातल्या एका लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, त्यांनी तोरणाचं पान उलटंपालटं करून "हा आंबा नव्हेच" असं जाहीर केलं होतं. आणि पूजेसाठी कुणी कळी खुडली, तर काठी घेऊन धावत.

सरांच्या पत्नी गेल्यावर त्या घरात बोलायला कुणी उरलं नाही. संध्याकाळी सर वाळलेल्या फांद्यांची लॅटिन नावं मोठ्यानं वाचत बसत. भिंतीपलीकडून वाटे, पाहुणे आलेत. मुलगा पुण्याला. दर दिवाळीला त्यांना तिकडे न्यायला येई, आणि सर शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधलं एक झुडूप दाखवत. "हे फुललं की येतो. फूल नाही तर नाव नाही, आणि नाव कळल्याशिवाय मी हलत नाही."

"पानावरून नाही कळत, अप्पा?"

"पानावर विसंबून कुणाचं भलं झालंय?"

असल्या घरात वाढलेला मुलगा. त्याला ते पटे. बिचारा फराळ करून एकटाच परत जाई.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो, तर सर त्या झुडपापाशी वाकलेले. एकेक कळी नखानं खुडून खिशात टाकत होते. मी पाऊल न वाजवता मागे फिरलो. मुलगा आला तेव्हा मीच आधी सांगून टाकलं, "यंदाही नाही हो फुललं."

पुढच्या वर्षी सर न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि मुलगा त्यांना गाडीत आडवं घालून घेऊन गेला. फुलाबिलाचा विषयच निघाला नाही. दिवाळीत ते झुडूप पांढऱ्या फुलांनी गच्च भरलं. मी पुण्याला फोन लावला.

"सर, फुललंय. नाव सांगा आता."

"नाव पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की हो. तुम्ही त्या सकाळी बघितलं होतं ना मला?"

"हो."

"आता खुडू नका कुणी. फुलू दे. आता मला तिथून निघायचं कुठं राहिलंय?"

हल्ली सकाळचा पेपर मला कोरा करकरीत वाचायला मिळतो. त्यात काही राम वाटत नाही.