काकूंच्या राहून गेलेल्या पायऱ्या

सुधाकाकूंच्या मुलीचा, मीनलचा फोन आला तेव्हा मी मिशिगनमधल्या ट्रॉय गावी आमच्या घरासमोरचा बर्फ काढत होतो. "आई गेली... झोपेतच," ती म्हणाली. त्याला आता सहा आठवडे झाले. वाईट वाटतंच, पण सुधाकाकू आठवल्या की आधी हसू येतं, हेही खरं.

काकू आमच्या शेजारी राहायच्या. भूल देणाऱ्या डॉक्टर, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालेली. काकांचं अमेरिकेत बस्तान बसेपर्यंत त्या इंग्लंडमधल्या एका छोट्या, बाजाराच्या गावी हॉस्पिटलात नोकरीला होत्या, एकट्याच. गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी मला त्याच भागात जायचं होतं. मी सहज विचारलं, "काकू, तिथं बघण्यासारखं काय आहे?" तर त्या खुलल्याच. गुरुवारचा बाजार, दगडी खांबांवर उभा असलेला जुना मार्केट हॉल, कालव्याकाठची वाट... "आणि चर्चचा मनोरा. वरून सगळं गाव दिसतं म्हणे."

"म्हणे?"

"मी कुठे चढले रे? सुट्टी मिळाली की भाजी आणायची आणि झोपायचं." मग म्हणाल्या, "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

मीनल इथेच जन्मलेली आणि आईच्या काळजीनं कायम धास्तावलेली. "आई, नो वे! युअर हार्ट!" काकू शांतपणे म्हणाल्या, "हार्ट माझं आहे, आणि मी ते तपासून घेतलंय."

आम्ही गुरुवारीच पोचलो. चौकात चीज, मासे, फुलझाडं, जुन्या कपबश्या असं सगळं मांडलेलं होतं. एका भाजीवाल्या बाईच्या गाड्यावर कोथिंबिरीच्या जुड्या पाहून काकू थबकल्या. त्यांच्या वेळी तिथं कोथिंबीर कुणाला माहीतच नव्हती. त्यांनी एका भाजीवाल्याला कागदी पिशवीवर पान काढून दाखवलं होतं. तीन आठवड्यांनी त्यानं कुठून तरी एक जुडी पैदा केली. "ती हातात घेऊन मी भर बाजारात रडले," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या एकटेपणाबद्दल मी प्रथमच ऐकत होतो.

मनोऱ्याचा जिना अरुंद आणि गोल गोल वर जाणारा. निम्म्यावर त्या खाली बसल्या. धाप लागलेली. मी घाबरलो. "काकू, इथूनच परत फिरू."

"पाच मिनिटं दे. मग जाऊ. वर."

वर वारा भणभणत होता. हॉस्पिटलचे आता फ्लॅट झाले होते. काकूंनी आपली खोली बोटानं दाखवली, मग बाजार, मग स्टेशन. बराच वेळ पाहत राहिल्या. "इतकं जवळ होतं रे सगळं..."

परतीच्या विमानात म्हणाल्या, "मिशिगनमध्ये पन्नास वर्षं काढली. तिथलं तरी काय पाहिलंय?" त्यानंतर थंडी पडेपर्यंत दर शुक्रवारी आम्ही कुठे ना कुठे जायचो, सफरचंदाच्या बागेत, डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये, कधी नुसतं तळ्याकाठी सँडविच खायला.

परवा मीनल घर आवरायला आली होती. काकूंच्या फ्रिजवर त्यांच्या डॉक्टरी अक्षरात, पाहायच्या जागांची यादी असलेला एक कागद होता. पाहून झालेल्या जागांवर रेघा मारलेल्या. मीनलला मराठी वाचता येत नाही, म्हणून शेवटची ओळ मी वाचून दाखवली : 'नदीवरची बोट. मीनलला घेऊन.'

तिनं त्या ओळीवरून हळूच हात फिरवला. मग डोळे पुसत तिनं विचारलं, "बोट कधी सुरू होते?"

"मे महिन्यात."

"तू पण ये," ती म्हणाली. फ्रिजवरचं बाकी सगळं आम्ही खोक्यात भरलं. तो कागद मात्र तिथंच राहू दिला.