पगार समितीची टिपणबाई

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तिला सगळे टिपणबाई म्हणत. बैठक कुठलीही असो, कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन ती बसलेली असे. एकोणीस वर्षांत तिच्या टिपणात कुणाला खोट काढता आली नव्हती. नवरा शाळेत मास्तर. दीर मात्र तिच्याच कंपनीत, खाली कारखान्यात लेथ चालवायचा. "वहिनी वर, मी खाली. मधलं काय ते मालकाचं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

वर्षातून दोनदा पगार समिती बसायची. तीन माणसं, बंद दार आणि एकच विषय: मोठ्या साहेबांना काय द्यायचं. इतर कंपन्यांचे साहेब किती घेतात याचा तक्ता एक सल्लागार घेऊन येई. आपला साहेब त्या तक्त्यातल्या मधल्या रेषेखाली असलेला कुणालाच खपत नसे. सगळीकडे तीच तऱ्हा, त्यामुळे ती रेषाच दर साल वर सरके. टिपणबाईला त्याचं नवल वाटेनासं झालं होतं.

त्या वर्षी बोनसला नवी अट आली. एका पंपामागची मजुरी वर्षभरात दहा टक्क्यांनी उतरली, तर साहेबांना दीड वर्षाच्या पगाराएवढा बोनस. समितीत एक निवृत्त इंजिनिअर होते. चष्मा पुसत ते म्हणाले, "मजुरी उतरवायची सोपी वाट म्हणजे माणसं काढणं. आपण त्याचंच बक्षीस लावतोय."

"ते कसं करायचं ते साहेब बघतील," अध्यक्ष म्हणाले. "आपण आकडा ठरवायचा."

आकडा ठरला. तिनं टिपणात लिहिलं: एका सदस्याचा विरोध. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "बाई, तिथे 'सर्वानुमते' करा."

"ते स्वतः म्हणाले तर करते, सर."

इंजिनिअर काही तसं म्हणाले नाहीत. ओळ राहिली. अटही राहिली.

पुढच्याच आठवड्यात दीर फ्लॅटचे कागद घेऊन घरी आला. कर्ज मंजूर झालं होतं. "वहिनी, करू ना सही?"

ती इस्त्री करत होती. बैठकीतलं अक्षर बाहेर काढणार नाही, असं तिनं कंपनीला लिहून दिलेलं होतं. तिनं एक बाही पुरती केली. मग म्हणाली, "भाऊजी, वर्षभर थांबा."

"का हो?"

"घरं कुठे पळून चाललीत?"

तो हसला, पण थांबला. वहिनीचा शब्द तो सहसा मोडत नसे.

सात महिन्यांनी एकशेचाळीस जणांना घरी बसवण्यात आलं. त्यात तोही होता. कामगारांनाही थोडे शेअर मिळालेले, म्हणून कंपनीचा वार्षिक अहवाल त्याच्याकडे टपालाने यायचा. साहेबांचा बोनस, त्याची अट आणि ती ठरल्याची तारीख त्या वर्षीच्या अहवालात छापलेली होती. रविवारी सकाळी तो अहवाल घेऊन आला.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मला थांबवलंत. माझ्या शेजारच्या मशीनवाल्यानं त्याच महिन्यात घर घेतलं. मला विचारून घेतलं. मी म्हटलं, घे बिनधास्त."

"मला तेवढंच सांगता येत होतं, भाऊजी."

"तेवढं सांगता येत होतं, तर आणखी थोडं का नाही?"

चहा न घेताच तो उठला. पुढे कित्येक महिने तो यायचा, भावाशी बोलायचा आणि जायचा. एका लहान वर्कशॉपात त्याला पूर्वीपेक्षा कमी पगारावर काम मिळालं. तिनं बदली मागून घेतली आणि रजेच्या नोंदींच्या टेबलावर जाऊन बसली. पगार समितीत नवी मुलगी आली.

काढलेल्या लोकांना नुकसानभरपाईसाठी कामगार कार्यालयात अर्ज करायचा होता. कुणाला धड मसुदा जमेना. तेव्हा दीर त्या मशीनवाल्याला घेऊन तिच्या दारात उभा राहिला. ते बसायच्या आतच ती म्हणाली, "आधी ऐका. माणसं कमी होणार, याचा अंदाज मला तुम्ही घर घेण्याआधीच आला होता."

मशीनवाल्यानं दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघत होता.

"यानं वाटेत सांगितलंय," मशीनवाला म्हणाला. "अर्ज लिहा, बाई."

तिनं तीन पानं लिहिली. अहवालातली तारीख आणि अट जशीच्या तशी घातली. वर्षभराच्या खेपांनंतर प्रत्येकाला आणखी तीन महिन्यांचा पगार मिळाला. मशीनवाल्याचं घर तोवर तोट्यात विकलं गेलं होतं. दीर पुन्हा वहिनीशी बोलू लागला, मात्र सल्ला कधी विचारला नाही.