मरळ किती तास टिकते

किलोमीटर ही चीज गोकुळाला कधी कळली नाही आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. मूल शहराजवळच्या गावतळ्यात तिच्या धिवर घराण्याची जाळी पडतात. मासळी वाटेत किती टिकते त्यावरून ती अंतर ठरवते. चंद्रपूर जवळ, कारण ओल्या पोत्यातली मरळ तिथं जिवंत पोचते. नागपूरला बर्फ लागतो. एटापल्ली मात्र नागपूरच्याही पल्याड, कारण त्या वाटेवर एकदा बस दोनदा बंद पडली आणि टोपलीला अर्धी बस मोकळी करून मिळाली.

अशा बाईची मुलगी डब्लिनला नर्स. जयाचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते झालं परदेशात, नवऱ्याच्या दोन पाळ्यांच्या मधे. बाळंतिणीला मरळ द्यावी, हे इकडे तळ्यातल्या बेडकांनाही माहीत आहे. गोकुळाला घास गोड लागेना. पोरीच्या पोटात आपल्या हातचं काहीतरी गेलंच पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात.

गावातले जाणते म्हणजे भैयाजी. ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं त्यांचं दुकान. जगाचं ज्ञान ते खिशात बाळगतात आणि दिवसातून दोनदा चार्जिंगला लावतात. त्यांचा पुतण्या भूपेश डब्लिनलाच शिकतो आणि सुट्टी संपवून परत निघाला होता.

"भैयाजी, तिथी जाले किती घंटे लागतेत?"

भैयाजींनी बोट फिरवलं. "नागपूर ते डब्लिन पावणेआठ हजार किलोमीटर. विमानाले धा घंटे. एकदम पक्कं."

दहा तास! गोकुळाला हसूच आलं. कोरडी तळलेली मरळ एक दिवस अन् एक रात्र सहज निघते. म्हणजे डब्लिन तसं हाकेच्या अंतरावर, लोक उगाच बाऊ करतात. तिनं पहाटे मरळ धरली, हळद-मीठ लावून तळली आणि डबा भूपेशच्या हाती दिला.

मोबाइलनं नकाशावर सरळ रेघ ओढून दिली होती. त्या रेघेवरून विमान उडत नाही, ही किरकोळ बाब त्यानं सांगितली नाही अन् भैयाजींनी विचारली नाही. भूपेश मुंबईत नऊ तास बसला, दुबईत आठ तास, आणि गाव सोडल्यापासून छत्तीस तासांनी डब्लिनला टेकला. डबा दुबईतच कचरापेटीत गेला, कारण शेजारच्या साहेबांनी खुर्ची बदलली होती. भूपेशनं जयाला फोन करून पढवून ठेवलं, "काकूले सांगजा ताई, मस्त होती म्हणून."

चार दिवसांनी जयाचा फोन आला. "माय, मरळ लय मस्त होती."

"डोकं खाल्लं का?"

"हो ना, पहिले डोकंच खाल्लं."

डोकं लवकर नासतं, म्हणून गोकुळानं ते डब्यात घातलंच नव्हतं. पोरगी आजवर तिच्याशी खोटं बोलली नव्हती. तिला भैयाजींचा संताप आला, भूपेशचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या दहा तासांवर विसंबलेल्या स्वतःचा.

"बेस केलं," ती म्हणाली. "अन् तुले रोज रांधून कोण देते?"

पलीकडे बाळ रडत होतं. बराच वेळ रडत होतं.

"कोणीच नाई, माय," जया म्हणाली.