निडीच्या शेतात उतरलेली हवा
कडव्या वालाचा वास आला की निडी गावातल्या एका शेतकऱ्याचं अंगण आठवतं. फुग्याबरोबर आकाशात खूप उंच पाठवलेली आमच्या प्रयोगशाळेची पोलादी बाटली हवाई छत्रीनं त्यांच्या वालाच्या शेतात उतरली होती. आकाशातले वायू मोजायचे म्हणून तिच्यात वरची विरळ हवा भरून आली होती, आणि ती न्यायला मी, नुकतीच नोकरीला लागलेली, रोह्याहून आले होते. शेतकऱ्याच्या बायकोनं बाटली पुसून ओट्यावर ठेवली होती. बाटली ताब्यात घेतल्याचा सहीचा कागद मी काढला तशी ती हळूच म्हणाली, "बाई, मी हिची चावी फिरवली व्हती. आत काय हाय ते बघाया. सूं वाजला, मंग कायच नाय. परत घट्ट लावली." मी म्हणाले, "इथली हवा आत शिरली, काकू." ती गोंधळली. "मंग? हवाच ना ती? वरची काय न् हितली काय?" तिला फरक सांगता सांगता मीच अडखळले. बाटली तर तशीच बंद दिसत होती. ती गप्प राहिली असती, तर तिच्या अंगणातली हवा आम्ही आकाशातली म्हणून मोजली असती. तिच्यावर रागवावं की तिचे आभार मानावेत, मला कळेना. इतक्या वर्षांनीही ते माझं ठरलेलं नाही.