ससाण्याच्या वाटणीचा लाडू

तीळ भाजल्याचा खरपूस वास आला की मला सांभर तलावाचा खारट वारा आठवतो. आम्ही तेव्हा जयपूरला होतो. संक्रांतीला सगळं शहर गच्चीवर पतंग उडवत असताना बाबा आम्हा मायलेकींना ससाणा दाखवायला घेऊन गेले. सकाळभर वाट पाहिल्यावर तो एकदाचा बदकांवर झेपावला, तोच सणाची काळी साडी नेसलेली आई ओरडली, “अरे, पळा, पळा!” थवाच्या थवा उडाला आणि बाबांच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यात नुसतं पाणी आलं. ते फुगून बसले. आईने डबा उघडला. “तिळगूळ घ्या, गोड बोला.” आता यावर काय भांडणार? लाडू चघळत ते म्हणाले, “आणि त्या उपाशी बिचाऱ्याला?” आईने एक लाडू बांधावर ठेवला. अजूनही दर संक्रांतीला मी एक लाडू ससाण्याच्या नावाने बाजूला काढते, आणि त्यावर बाबाच झडप घालतात.