बिबट्या कुणाच्या तंबूपाशी थांबला

हिंगोलीत आमच्या गल्लीत कुणी नवीन पाहुणं आलं की माझी धाकटी बहीण चहाच्या आधी आफ्रिका काढते. जंगलातला मुक्काम, तंबू आणि मग बिबट्या. ‘आमच्या तंबूपुढं येऊन उभा राहिला होता,’ असं ती सांगते आणि बायका तोंडाला पदर लावतात. मी तिथेच बसलेली असते. त्या जंगलात मीही होते, तिच्यापासून वीस पावलांवर, पण माझ्याकडे कुणी बघत नाही. त्यातून ती गोष्टीतला मधला तुकडा गाळते. माझी लाज राखायला गाळते हे मला ठाऊक आहे, म्हणूनच जास्त राग येतो. तो तुकडा आता मीच सांगते.

माझी लेक दक्षिण आफ्रिकेत नोकरीला आहे. मागच्या वर्षी तिने तिकिटं पाठवली, एक माझं आणि एक तिच्या मौशीचं, म्हणजे धाकटीचं. मौशीचं काहून, असं मी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. मी शिरड शहापूरला शाळेत शिकवायचे. दहावीनंतर पोरीला हिंगोलीत कॉलेजात घातलं आणि राहायला धाकटीकडे ठेवलं. दोन वर्षांचा तर प्रश्न होता. त्या दोनाची पाच झाली आणि पोरगी तिचीच होऊन बसली. ताप आला की फोन मौशीला, नोकरी बदलली की फोन मौशीला. लेकीने अजून लग्न का केलं नाही हे धाकटीला माहीत आहे. मी विचारलं की धाकटी म्हणते, ‘आक्का, ते तूच विचार ना तिला.’

लेकीच्या शहरापासून तो कॅम्प मोटारीने दिवसभराच्या वाटेवर. निसर्गाला धक्का न लावता राहायचं, अशी त्यांची रीत. वीज नव्हती. दिवसभर उन्हात ठेवलेले दिवे संध्याकाळी तंबूत आणायचे. अंघोळीसाठी झाडाला जाड कापडाची बादली टांगलेली, तिच्या बुडाला झारीसारखी भोकं; एक माणूस चुलीवरचं गरम पाणी आणून तिच्यात ओतायचा. संडासात पाण्याऐवजी राख टाकायची. जेवायच्या छपराखालची जमीन शेणाने सारवलेली होती. ती बघून धाकटी अशी हरखली की जणू माहेरी साखऱ्याला आम्ही फरशीवरच वाढलो. खाली बसून ती जमिनीवरून हात फिरवायला लागली आणि लेक तिचे फोटो काढत सुटली. खरं तर साखऱ्याच्या घरी सगळं सारवण माझ्या वाट्याला होतं. धाकटी उंबऱ्यावर नाक धरून बसायची.

आम्हाला दोन तंबू मिळाले, एकात दोन खाटा आणि दुसऱ्यात एक. सामान उतरवतानाच लेक म्हणाली, ‘आई, तू धीट हायेस. तू एकटी झोपशील ना? मौशीला लई भ्या वाटतं, मी तिच्याजवळ झोपते.’

‘झोपते की,’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

हा धीटपणा माझ्या मागे लहानपणापासून लागला आहे. अंधारात मागच्या दारी जायचं तर कंदील माझ्या हातात आणि माझा परकर धाकटीच्या मुठीत. भीती मलाही वाटायची. पण दोघींतली एक रडायला लागली की दुसरीला गप्प राहावं लागतं, आणि ती नेहमी आधी रडायची. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. मी कधी रडले नाही आणि मला कुणी जवळ घेतलं नाही. आता म्हातारपणी, सिंह ओरडतात त्या रानात, पोटच्या पोरीने मला एकटीला तंबूत घातलं. धाकटीचा हेवा मला आयुष्यभर वाटत आला, पण त्या तीन दिवसांत मी नुसती जळत होते.

कॅम्पवर पायखुणा वाचणारा एक म्हातारा होता. रोज संध्याकाळी तंबूंपुढची वाळू तो दाताळ्याने सारखी करून ठेवायचा आणि सकाळी, ताजी भाकरी बघावी तशी, ती वाकून बघायचा. रात्री कोण आलं, किती जण आले, कुठे थांबले, सगळं सांगायचा. लेक त्याचं इंग्रजी आम्हाला मराठीत करून द्यायची. तरसाच्या पावलाला नखं उमटतात, बिबट्याच्या उमटत नाहीत, हे त्यानेच दाखवलं. लेकीला बिबट्याचं वेड होतं. दोन दिवस फिरून तो दिसला नव्हता. निदान पाऊल तरी दिसू दे, असं ती सारखी म्हणत होती.

उजाडल्यावर बंदूकवाला राखणदार हाक मारेल तेव्हाच बाहेर यायचं, असा तिथला नियम. तिसऱ्या दिवशी मी फटफटतानाच उठले. उठले म्हणण्यात अर्थ नाही, कारण रात्रभर डोळा लागलाच नव्हता. दाराशी पायाची वाळू झटकायला गवताची एक केरसुणी ठेवलेली होती. चाळीस वर्षांची सवय. उठल्याबरोबर दार झाडल्याशिवाय मला चहा जात नाही. मी नियम मोडून बाहेर आले आणि झाडायला लागले. चार हात मारले असतील नसतील, तोच पावलं दिसली. चार बोटं, मोठा तळवा आणि नखं नाहीत.

बिबट्या माझ्या तंबूपुढून न थांबता गेला होता. पुढे त्या दोघींच्या तंबूपाशी मात्र उभा राहिला होता, वळला होता, परत उभा राहिला होता. तिथली वाळू नुसती पावलांनी भरलेली.

बिबट्यानेही तिच्याच दारात थांबावं!

पुढचं सगळं मला लख्ख दिसलं. लेकीचा आनंद, मौशीच्या गळ्यात पडणं, दोघींचे पावलांशेजारी फोटो आणि जन्मभर पुरेल अशी त्या दोघींची गोष्ट. मी त्यात कुठेच नाही. मी केरसुणी घट्ट धरली आणि माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत सगळी वाळू झाडून काढली. पहिले चार हात सवयीचे होते. पण पुढचं मी मुद्दाम केलं.

उजाडलं तसा म्हातारा आला. झाडलेली वाळू बघून तो थबकला. मग त्याने माझ्या पायांकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. मी केरसुणी पाठीमागे लपवली. तो लेकीला काहीतरी म्हणाला आणि तिचा चेहराच पडला.

‘बिबट्या आला होता म्हणतात. तिकडं झुडपाकडं पावलं गेलीत. पण इथलं सगळं कुणीतरी झाडून टाकलं. कुणी झाडलं?’

धाकटीने माझ्याकडे बघितलं. माझा पाठीमागचा हात बघितला. आणि पटकन म्हणाली, ‘म्या झाडलं माय. सवय न्हाई का आपली. ध्यानातच आलं न्हाई.’

लेक हसली. ‘मौशी, तू बी ना!’ म्हणून तिने धाकटीला मिठी मारली.

पाप मी केलं आणि मिठी तिला मिळाली! मला वाटतं, लेक तिच्यावर रागावली असती तर मी गप्प राहिले असते. पण ती मिठी मला बघवली नाही.

‘तिनं न्हाई, म्या झाडलं,’ मी ओरडलेच. ‘सवयीनं न्हाई. पावलं दिसली म्हणून झाडली. तुमच्या दारात होती म्हणून.’

खरं बोलायला मला हेव्याने लावलं, हे आज कबूल करते. म्हातारा तेवढ्यात माझ्या तंबूच्या कडेला, कनातीजवळ जाऊन बसला होता. केरसुणी पोचली नव्हती अशी हातभर वाळू तिथे उरली होती. त्याने आम्हाला बोलावलं. वाळूत एका चपलेचा ठसा होता, टाचेवर फूल असलेला. बिबट्याचं एक पाऊल अर्धं त्याच्यावर पडलं होतं. म्हाताऱ्याने बोटाने ठशाचा पुढचा भाग दाखवला. तो खोल रुतला होता.

‘काय म्हणतो?’ मी विचारलं.

लेक खाली बघत सांगायला लागली. ‘म्हणतो, हे माणूस बिबट्याच्या आधी आलं. चवड्यावर जोर देऊन लई वेळ उभं होतं. कान देऊन काही ऐकावं तसं.’

मी तिच्या पायांकडे बघितलं. चपलेवर फुलंच फुलं होती.

‘जेवणानंतर राखणदाराला घेऊन आले होते,’ ती म्हणाली. ‘तू घोरत होतीस.’

‘मी रात्रभर जागी होते!’

‘घोरत होतीस आई. दोन्ही दिवस.’

म्हणजे आदल्या दिवशीही ती आली होती. तिची येण्याजाण्याची पावलं त्याच वाळूत असणार. मला बिबट्याचीच तेवढी दिसली, आणि मी सगळी झाडून टाकली होती.

‘मग हाक काहून मारली न्हाई? भ्या वाटतं का म्हणून विचारायचं तरी.’

‘विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस.’

धाकटी माझ्या हातातून केरसुणी काढून घ्यायला लागली, तीही मी देईना.

‘वाटतं,’ मी म्हणाले. ‘लई भ्या वाटतं मला. आधीपासून वाटतं.’ आणि पंचाहत्तर पावसाळे न पाहिलेली, पण पासष्ट तरी पाहिलेली मी त्या वाळूत उभी राहून रडले.

त्या दिवशी जेवण झाल्यावर लेक उशी घेऊन माझ्या तंबूत आली. एकाच खाटेवर आम्ही दोघी कशाबशा मावलो. तिने माझा हात हातात घेतला. मग, मी न विचारता, लग्नाचं बोलायला लागली. चार वाक्यं झाली असतील, तेवढ्यात पलीकडच्या तंबूतून आवाज आला.

‘आक्काऽ, झोपलीस का गं? मला लई भ्या वाटून राहिलं.’

लेक उठायला लागली. ‘आई, मौशी बोलावून राहिली.’

मी तिचा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि मोठ्याने घोरायला लागले.